चकव्यांची वही

स्मरणिकेच्या पहिल्या सभेत दोन ठराव झाले. मंडळाचा इतिहास मी लिहायचा, आणि त्यात कोणाही सभासदाचे नाव घालायचे नाही. दुसरा ठराव पहिल्यापेक्षा शहाणपणाचा. पनवेलसारख्या गावात चाळीस नावे छापली की एकेचाळिसावे राहते, आणि ज्याचे राहिले तोच दुसऱ्या दिवशी वडाळे तळ्याच्या कडेने फिरताना नेमका समोरून येतो. तेव्हा या लेखात गुरुजी आहेत, एसटीतले काका आहेत, बँकेतल्या बाई आहेत, किराणा दुकानाचे शेठ आहेत. ज्याने त्याने आपल्याला ओळखून घ्यावे.

रीतीप्रमाणे आधी जागा, मग चषक. मंडळ सुरू झाले लाइन आळीतल्या एका वाड्याच्या ओसरीवर. तिथून ते एका शाळेच्या वर्गात गेले, शाळेला वर्ग हवा झाला तेव्हा शेठच्या पोटमाळ्यावर, आणि आता नवीन पनवेलमध्ये एका सोसायटीच्या सभागृहात आहे. लग्नसराईत तिथून उठून आपल्याला जिन्याखाली बसावे लागते. चषक कपाटात आहेत आणि कपाटाची किल्ली खजिनदारांकडे. जिल्हा आणि शालेय स्पर्धांतल्या यशाचा तक्ता शेवटच्या पानांवर येणार आहेच, त्यामुळे तो विषय इथे संपला.

मला लिहायचे आहे ते शनिवारच्या बैठकीविषयी. बुद्धिबळाच्या बहुतेक मंडळांत माणसे येतात, घड्याळ दाबतात, हरतात किंवा जिंकतात आणि घरी जातात. ते आपल्याकडेही होते. पण शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सगळे पट बाजूला सरकतात आणि मधे एकच पट राहतो. त्याच्याभोवती सात-आठ डोकी. पटावर डाव जवळजवळ संपलेला असतो: दोन राजे, एखादा हत्ती, दोन-चार प्यादी. कोणी कोणाशी खेळत नाही. पटाखालच्या चिठ्ठीवर एवढेच लिहिलेले असते की पांढऱ्याची खेळी, आणि पांढरा जिंकतो, किंवा पांढरा बरोबरी करतो. पुढचे दोन तास त्या एका वाक्याचे.

बैठकीची सुरुवात भांडणातून झाली. ओसरीवरच्या दिवसांत एसटीतले काका आणि गुरुजी यांचा डाव हत्ती आणि प्यादे विरुद्ध हत्ती इथवर आला, दिवे गेले, आणि डाव तिथेच थांबला. काका म्हणाले, मी जिंकत होतो. गुरुजी म्हणाले, ही बरोबरीच आहे, लहान पोरालाही कळेल. पुढच्या शनिवारी दोघांनी तोच पट पुन्हा मांडला आणि पुन्हा भांडले. तिसऱ्या शनिवारी बाकीचेही भांडू लागले. चौथ्या शनिवारी कोणीतरी मुंबईहून एक जुने इंग्रजी पुस्तक आणले, आणि त्यात दोघांचीही उत्तरे निघाली.

काकांचे उत्तर असे. समजा पांढरा राजा जी८ वर, त्याचे प्यादे जी७ वर, आणि काळा राजा एका उभ्या पट्टीपलीकडे अडवलेला. राजा बाहेर आला की काळा हत्ती शहांवर शह देत सुटतो. अशा वेळी पांढऱ्याने आधी आपला हत्ती चौथ्या ओळीत आणून ठेवायचा. मग काळ्या राजाला शह देऊन आणखी लांब ढकलायचे, राजा बाहेर काढायचा, शह खात खात खाली उतरवायचा, आणि शेवटच्या शहाला हत्ती मधे घालायचा. याला पूल बांधणे म्हणतात. या स्थितीला सगळे जग लुसेनाची स्थिती म्हणते, पण लुसेनाच्या १४९७ च्या पुस्तकात ती नाहीच. ती छापली साल्व्हिओने, १६३४ साली. गुरुजींचे उत्तर फिलिदोरचे, १७७७ चे. बचाव करणाऱ्याने आपला हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीत उभा करायचा आणि शत्रूच्या राजाला ती ओळ ओलांडू द्यायची नाही. प्यादे त्या ओळीत सरकले, म्हणजे राजाला आडोसा उरला नाही, की हत्ती पार टोकाला न्यायचा आणि मागून शह सुरू करायचे.

म्हणजे दोघेही बरोबर होते. दिवे गेले तेव्हा काळा राजा नेमका कुठल्या घरात होता यावर मात्र त्यांचे एकमत नव्हते. महिनाभर ते दोन वेगवेगळ्या पटांविषयी भांडत होते. त्या रात्री मंडळाने पहिला नियम केला: आधी स्थिती लिहा, मग तोंड उघडा. स्थिती लिहायला वही आली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, शेठच्या दुकानातली. तिचे पैसे त्यांनी अजून घेतलेले नाहीत, पण दर वार्षिक सभेत त्याची आठवण करून देतात.

वहीला तीन रकाने आखले. पहिला स्थितीचा, दुसरा उत्तराचा. तिसऱ्याला काय म्हणायचे यावर एक संध्याकाळ गेली. कोड्यातल्या मोहात पाडणाऱ्या चुकीच्या खेळीला इंग्रजीत एक सपक शब्द आहे. तो कोणालाच आवडला नाही. मग काकांनी सुचवले, चकवा लिहा. काका मूळचे पेणकडच्या एका खेड्यातले. रात्री शेताच्या बांधावरून चालणाऱ्या माणसाला चकवा लागतो, तो पहाटेपर्यंत चालतो आणि उजाडल्यावर पाहतो तर निघाला तिथेच उभा असतो. शब्द एकमताने मंजूर झाला. तेव्हापासून आपल्या वहीत प्रत्येक स्थितीपुढे बरोबर उत्तर एका ओळीत असते आणि चकवे चार ओळींत. कोणाला कोणता चकवा लागला ते आद्याक्षरांनी लिहिलेले असते, आणि ही आद्याक्षरे इथे छापू नयेत म्हणून मला तीन फोन आले आहेत.

बैठकीची शिस्त अजूनही तीच आहे. पहिली दहा मिनिटे हात मागे. सोंगटीला कोणी शिवायचे नाही. ज्याने उत्तर सांगितले त्याने बाकी सर्वांविरुद्ध ते पटावर सिद्ध करायचे. सिद्ध करताना हरला तर त्याचे उत्तर चकव्याच्या रकान्यात. ज्याला स्थिती आधीपासून ठाऊक आहे त्याने चहा सांगायला जायचे. या शेवटच्या नियमाचा गैरफायदा कोणी घेत नाही, कारण चहाचे पैसेही त्यानेच द्यायचे असतात.

पटाविषयीही दोन शब्द. बैठकीला अजून ओसरीवरचाच जुना लाकडी संच लागतो, आणि त्यातला काळा हत्ती कधीच हरवला आहे. त्याच्या जागी आसवाच्या बाटलीचे झाकण उभे राहते. धूतपापेश्वरचा कारखाना १८७२ पासून ज्या गावात आहे तिथे आसवाची झाकणे कमी पडत नाहीत. नवीन संच दोनदा आणला, दोन्ही वेळा बैठकीने परत पाठवला. झाकणाकडे पाहून विचार बरा होतो, असे बँकेतल्या बाईंचे मत आहे.

गुरुजी आता नाहीत. ते संस्कृत शिकवत, आणि आपण हे जे करतो आहोत ते काही विलायती खूळ नव्हे, असे त्यांना नेहमी वाटे. एका वर्धापनदिनी त्यांनी यावर तासभर भाषण केले. त्यातले मला जे आठवते ते इथे लिहिले पाहिजे, कारण ते आपल्या भागाशी जोडलेले आहे. सतराव्या शतकात काशीला नीलकंठ भट्ट होऊन गेले. घराणे मूळ पैठणचे. त्यांच्या भगवंतभास्कर या ग्रंथाचे बारा मयूख आहेत. त्यातला व्यवहारमयूख इंग्रजी अमदानीत मुंबई, गुजरात आणि उत्तर कोकणातल्या कोर्टांत वारसाहक्काच्या प्रश्नांवर आधार म्हणून चाले. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाड्यांच्या वाटण्या ज्या शास्त्रीबुवांच्या वचनावर झाल्या, त्यांनीच नीतिमयूखात बुद्धिबळाच्या खेळावर लिहिले आहे आणि घोडा एकाही घरात दुसऱ्यांदा न जाता चौसष्ट घरांतून कसा फिरवावा हे सांगितले आहे. गुरुजी म्हणाले, भाऊबंदकी आणि बुद्धिबळ एकाच माणसाने लिहावे यात नवल ते काय? टाळ्या त्यालाच सर्वांत जास्त पडल्या.

दुसरे नाव त्यांनी सांगितले त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचे. त्यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूप १८१४ साली मुंबईत छापले गेले. पुण्यात पेशवाई बुडायला अजून चार वर्षे होती. ते पुस्तक डाव कसा सुरू करावा यावर नाही. त्यात भर आहे तो मांडलेल्या अडचणीच्या स्थितींवर, शिकणाऱ्याची स्मृती आणि बुद्धी तासण्यासाठी. विल्यम लुईस याने १८१७ साली लंडनला त्यातल्या स्थिती पुन्हा छापल्या. म्हणजे पटावर चार सोंगट्या मांडून भोवती डोकी खाजवत बसण्याचा आपला शनिवारचा धंदा खाडीपलीकडच्या मुंबईत दोनशे वर्षांपूर्वीच छापखान्यात पोहोचला होता. भाषण संपल्यावर शेठनी विचारले, त्या शास्त्रीबुवांच्या वहीत चकव्याचा रकाना होता का? गुरुजींनी चष्मा काढून पुसला. उत्तर दिले नाही.

मंडळात सर्वांत जास्त गाजलेली स्थिती कोणती, असे विचाराल तर जुने सभासद सावेद्राचे नाव घेतील. पांढरा राजा बी६ वर, प्यादे सी६ वर. काळा राजा ए१ वर कोपऱ्यात, हत्ती डी५ वर. एवढेच. प्यादे सी७ वर जाते. हत्ती प्याद्याला थांबवू शकत नाही, म्हणून डी६ वरून शह देतो. राजा सी५ वर गेला तर हत्ती डी१ गाठतो, आणि वजीर झाल्याबरोबर सी१ वरून शह देऊन तो वजीरच मारतो. म्हणून राजा बी५, बी४, बी३ असा एकेक पायरी उतरतो आणि हत्ती त्याच्या मागोमाग शह देत उतरतो. शेवटी राजा सी२ वर येतो आणि शह संपतात. आता हत्ती डी४ वर जाऊन बसतो. प्याद्याचा वजीर केला की हत्ती सी४ वर येऊन शह देतो. वजिराने त्याला मारले की कोपऱ्यातल्या काळ्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही: स्टेलमेट, बरोबरी.

ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बार्बिए नावाच्या स्तंभलेखकाने १८९५ साली ही स्थिती बरोबरी म्हणूनच छापली. मग त्याच शहरात राहणाऱ्या फर्नांदो सावेद्रा या स्पॅनिश धर्मगुरूने एक खेळी दाखवली. प्याद्याचा वजीर करू नका, हत्ती करा. आता ए८ वर मात होण्याची धमकी आहे, म्हणून काळ्या हत्तीला ए४ वर आडवे यावे लागते. पांढरा राजा बी३ वर येतो, एकाच खेळीत हत्तीवर हल्ला आणि सी१ वर मात. काळ्याला दोन्ही वाचवता येत नाहीत. बुद्धिबळाच्या जगात सावेद्राचे नाव या एका खेळीवर आजपर्यंत टिकले आहे.

ही स्थिती आपल्या बैठकीत मांडली तेव्हा सगळे बार्बिएच्या चकव्यात बरोबर अडकले. दोन तास झाले, पावणेनऊ वाजले, बँकेतल्या बाईंची बस सुटली. तेवढ्यात पटाकडे पाठ करून दप्तर आवरणारी सातवीतली एक मुलगी सहज म्हणाली, “हत्ती केला तर?” तिने स्थिती सोडवली होती असे मी म्हणणार नाही. वजीर सोडून दुसरे काहीतरी, इतकेच तिच्या मनात असावे. पण पुढच्या पाच मिनिटांत सगळ्यांना दिसले. काकांनी झाकणावर टिचकी मारली आणि म्हणाले, आपण सगळे मोठे झालो, म्हणून वजीरच मागतो. ती मुलगी आता पुण्यात नोकरी करते. वहीतल्या त्या पानावर तिच्या आद्याक्षरांपुढे चकवा नाही, आणि असे पान वहीत दुसरे नाही.

नव्या मुलांना मात्र आम्ही सावेद्रापासून सुरुवात करू देत नाही. त्यांना आधी तीन विरुद्ध तीन प्यादी दाखवतात. पांढरी ए५, बी५, सी५ वर, काळी ए७, बी७, सी७ वर, राजे पार दुसऱ्या टोकाला. पांढऱ्याने मधले प्यादे बी६ वर ढकलायचे, आणि त्याला कोणत्याही बाजूच्या प्याद्याने मारले तरी पलीकडचे प्यादे ढकलायचे. दोन प्यादी जातात, तिसरे वजीर होते. मुले लगेच ओरडतात, कळले! मग आम्ही म्हणतो, आता काळ्याची खेळी समजा. गप्प होतात. बी६ हीच खेळी काळ्यालाही वाचवते, हे त्यांना घरी जाताना रस्त्यात सुचते. दुसरा धडा चुकीच्या उंटाचा: एच-पट्टीतले प्यादे, उंट पांढऱ्या घरांचा, आणि काळा राजा एच८ च्या काळ्या कोपऱ्यात जाऊन बसलेला. एक पूर्ण उंट आणि एक प्यादे जास्त, तरी जिंकता येत नाही. हा धडा ऐकून एका पालकांनी विचारले होते की मग इतका अभ्यास कशाला. त्यांना चहा पाजला.

२६ जुलै २००५ ला गाढी नदी गावात शिरली. तेव्हा मंडळ पोटमाळ्यावर होते, त्यामुळे पट वाचले; पण वही खालच्या गल्ल्यात होती, कारण शेठ तिच्यात हिशेबाच्या चिठ्ठ्या खुपसून ठेवत. पाणी ओसरल्यावर ती सापडली तेव्हा पाने चिकटून वीट झाली होती, आणि शाईने लिहिलेली सगळी निळी झाली होती. पुढचे तीन महिने बैठकीत नवी स्थिती मांडली नाही. जुन्या आठवून आठवून दुसऱ्या वहीत उतरवत बसलो.

तेव्हा जे दिसले त्यामुळेच मला हा इतिहास असा लिहावासा वाटतो. बरोबर उत्तरे फार थोडी आठवली. चकवे जवळजवळ सगळे आठवले. कोणी कुठली खेळी आत्मविश्वासाने सांगितली, कोणी ती कशी हाणून पाडली, कोण रागावून चपला घालून निघाला आणि जिन्यावरून परत वर आला, हे लोकांनी तोंडपाठ सांगितले. आणि चकव्यावरून मागे चालत जाऊन आम्ही स्थिती परत बांधल्या. रेती या रचनाकाराची स्थितीही तशीच परत मिळाली. पांढरा राजा एच८ वर, त्याचे प्यादे सी६ वर. काळा राजा ए६ वर, त्याचे प्यादे एच५ वर. १९२१ सालची रचना. काळे प्यादे पळत सुटले आहे आणि पांढरा राजा त्याच्या दोन पावले मागे. आपले प्यादे काळ्या राजाच्या तोंडात. सरळ मोजले तर हरलेला डाव. एकाला एवढेच आठवत होते की त्याने “राजाला प्याद्यामागे सरळ धावू दे” असे म्हटले होते आणि सगळे हसले होते. मग कोणीतरी म्हणाले, हसलो कारण धावायचे तर होते, पण तिरपे.

तिरपे म्हणजे जी७, एफ६, ई५. या तिरप्या वाटेवर राजा एकाच पावलात दोन कामे करतो: काळ्या प्याद्याच्या जवळ सरकतो आणि आपल्या प्याद्याच्याही. काळ्याने आपला राजा बी६ वर आणून पांढरे प्यादे घेतले तर पांढरा राजा एफ४ वरून काळ्या प्याद्याला गाठतो. त्याने प्यादेच पळवले तर पांढरा राजा डी६ वर येऊन आपल्या प्याद्याला पुढे काढतो, आणि दोन्हीकडे वजीर होतात. बरोबरी. भूमितीत तिरपी रेघ लांब असते. पटावरच्या राजाला ती सरळ रेघेइतकीच पडते, कारण दोन्हींत पावले तेवढीच मोजली जातात. गणिताच्या एका प्राध्यापकांना हे कितीदा सांगितले तरी ते मान हलवतात आणि पुढच्या शनिवारी पुन्हा विचारतात.

आता यंत्राचे प्रकरण. हे टाळता येत नाही, कारण यावरून मंडळ फुटता फुटता राहिले. १९९८ मध्ये हार्बर लाइन पनवेलपर्यंत आली आणि मुंबईहून नवी पुस्तके, नवी माणसे सहज येऊ लागली. काही वर्षांनी संगणकही आला. लॅपटॉप घेऊन बसणारी तरुण मंडळी एका बाजूला आणि हात मागे ठेवणारी जुनी दुसऱ्या बाजूला. तरुणांचे म्हणणे खोटे नव्हते. दोन उंट विरुद्ध एक घोडा ही स्थिती घ्या. क्लिंग आणि होर्विट्झ यांनी १८५१ साली दाखवलेल्या एका बचावावरून जग ती बरोबरी मानत आले. १८५१ म्हणजे ज्या वर्षी लंडनला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली ते साल, पनवेलची नगरपालिका स्थापन होण्याच्या एक वर्ष आधीचे. जवळजवळ एकशे तीस वर्षे हा समज टिकला, आणि १९८३ साली केन थॉम्पसनच्या संगणकाने सांगितले की नाही, उंटवाला जिंकतो, फक्त त्याला कधी कधी सहासष्ट खेळ्या लागतात. पन्नास खेळ्यांच्या नियमात हे बसत नव्हते. जागतिक संघटनेने काही डावांपुरती मर्यादा वाढवून पाहिली आणि १९९२ मध्ये पुन्हा पन्नासवर आणली. आता तर सात सोंगट्यांपर्यंतची प्रत्येक स्थिती यंत्रांनी पूर्ण सोडवून ठेवली आहे. त्यात एका स्थितीत मात करायला ५४९ खेळ्या लागतात. माणसाला त्यातल्या पहिल्या दहा खेळ्यांचेही कारण सांगता येत नाही.

जुन्यांचे म्हणणे एका वाक्याचे होते: मग आम्ही इथे येऊन करायचे काय? तडजोड बँकेतल्या बाईंनी काढली. या शनिवारी माणसांनी सोडवायचे, पुढच्या शनिवारी यंत्राला विचारायचे. यंत्राचे उत्तर चौथ्या रकान्यात, हिरव्या शाईने. गेल्या कित्येक वर्षांत हिरव्या शाईने आपली बरीच उत्तरे खोडली आहेत. सर्वांत वाईट वाटले ते गुरुजींच्या रचनेचे. त्यांनी निवृत्तीनंतर दोन पावसाळे घालवून स्वतः एक स्थिती रचली होती, घोडा आणि प्यादे विरुद्ध उंट आणि दोन प्यादी, आणि आम्ही सगळ्यांनी ती सोडवून टाळ्या वाजवल्या होत्या. यंत्राने पाव सेकंदात सांगितले की तिला दुसरेही उत्तर आहे, आणि ते अधिक सोपे आहे. ज्या रचनेला दोन उत्तरे ती बाद. ज्या मुलाने यंत्र लावले त्याला रडू यायचे बाकी होते. गुरुजींनी पट जवळ ओढला, दुसरे उत्तर तीनदा खेळून पाहिले आणि म्हणाले, “हे मला दिसायला हवे होते. लिही, चकव्याच्या रकान्यात. माझी आद्याक्षरे.”

मार्च २०२० मध्ये सभागृहाला कुलूप लागले तेव्हा बैठक फोनवर गेली. चित्र पाठवायचे नाही असे ठरले, कारण चित्र दिसले की हात यंत्राकडे जातो. स्थिती तोंडी सांगायची आणि प्रत्येकाने डोळे मिटून पाहायची. काका तेव्हा नव्वदीच्या घरात होते आणि त्यांना फोनवर नीट ऐकू येत नसे. बी आणि डी यांत घोटाळा होऊन ते अर्धा तास भलतीच स्थिती सोडवत राहिले, आणि शेवटी त्यांचे उत्तर त्या भलत्या स्थितीचे अचूक निघाले. तेव्हापासून फोनवर बी म्हणजे बटाटा आणि डी म्हणजे डबा.

१४ डिसेंबर २०२४ च्या शनिवारी जिन्याखालीही जागा पुरली नाही. दोनच दिवसांपूर्वी, गुरुवारी संध्याकाळी, सिंगापूरला गुकेश चौदाव्या डावात जगज्जेता झाला होता, आणि तोही डावाच्या अगदी शेवटात. हत्ती आणि उंट दोन्हीकडे, गुकेशकडे एक प्यादे जास्त, आणि तरी बरोबरी दिसत होती. ५५व्या खेळीला डिंग लिरेनने हत्ती एफ२ वर आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली. त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. हत्ती गेल्यावर गुकेशने उंट डी५ वर आणला, आणि कोपऱ्यातल्या उंटाला मारामारी टाळता येईना. उरला राजा-प्याद्यांचा डाव, आणि त्यात ते एक प्यादे पुरेसे होते. ५८व्या खेळीला डिंगने हार मानली. बैठकीत ती स्थिती मांडली तेव्हा हात मागे ठेवूनही आठपैकी पाच जणांनी हत्ती एफ२ च सुचवले. मोहरी कमी केली की बरोबरी सोपी होते, हा आपल्या वहीतला सर्वांत जुना चकवा. ओसरीवरच्या पहिल्या दहा पानांतही तो तीनदा आहे. आणि सात महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये, नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा बैठकीला मुलींची संख्या इतकी झाली की चहाचे पैसे द्यायचा तो नियम सभासद-मुलांपुरता रद्द करावा लागला. त्यांना सगळ्या स्थिती आधीच ठाऊक असतात, आणि त्यांच्याकडे पैसे नसतात.

या वर्षी तिसरी वही भरत आली आहे. तिच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर गुरुजींची ती जुनी रचना पुन्हा आहे. पुण्याहून सुट्टीला आलेल्या त्या मुलीने, आता बाईच म्हणायला हवे, काळे प्यादे एक घर मागे सरकवले आणि पांढरा घोडा पलीकडच्या पट्टीत नेला. दुसरे उत्तर गेले. पुढच्या शनिवारी यंत्रानेही हिरव्या शाईत एकच उत्तर दिले, आणि ते गुरुजींचेच होते. स्थितीच्या वर दोघांचीही आद्याक्षरे लिहिली आहेत. चकव्याचा रकाना मात्र कोरा आहे, कारण ती सभासदांपुढे अजून मांडलेली नाही. वर्धापनदिनाच्या शनिवारी साडेसहाला मांडायची आहे. येताना चष्मा आणावा, जिन्याखालचा दिवा मंद आहे.